नव्या गाण्यांकडे पाठ नको

(माधवनगर, जि. सांगली येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चळवळ आणि गाणे यांचे नाते या भागाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. अण्णाभाऊ साठे वाळवे तालुक्यातील वाटेगावचे, ग. दि. माडगूळकर आटपाडीकडील शेटफळ्याचे आणि शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे कलावंत घडवले. ज्या विचाराला वर्तमानपत्रात जागा मिळत नव्हती, तो डफावरच्या थापेबरोबर गावच्या चावडीपर्यंत पोचला. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण अभिमानाचे रूपांतर सवयीत झाले की चळवळीच्या हाती केवळ जुनी वही उरते.

आज नेमके तेच घडले आहे. शिबिर असो, मोर्चा असो वा स्मृतिदिन असो, तीच पाच-सात गाणी त्याच क्रमाने म्हटली जातात. व्यासपीठावरचे डोळे मिटून गातात आणि मागच्या रांगेतला तरुण कानांत यंत्र घालून दुसरेच काही ऐकत असतो. तो काय ऐकतो, हे मात्र कोणी विचारत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर माधवनगरच्या रस्त्यावरून रात्री गाणी लावून जातात. ती गाणी कोणती, ती लिहिणारे कोण, आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला जागे ठेवणारे असे त्यांत काय आहे, हे प्रश्न करमणुकीचे नाहीत. ज्याला श्रमिकांमध्ये काम करावयाचे आहे, त्याच्या अभ्यासाचा तो भाग आहे.

नव्या गाण्यांवर पहिला आक्षेप असा की, तो निव्वळ धांगडधिंगा आहे. हा आक्षेप नवा नाही. तमाशाबद्दल पांढरपेशा समाज हेच म्हणत असे. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदीही घातली होती. अण्णाभाऊंनी तमाशाला नाक मुरडले नाही. त्यातील गण-गौळणीची चाकोरी बदलून त्यांनी त्याला लोकनाट्याचे रूप दिले. दुसरा आक्षेप असा की, आजच्या गाण्यांत आशय नाही. त्याचे उत्तर युक्तिवादाने नव्हे, उदाहरणांनी द्यावे लागेल. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांतील काही गाणी कार्यकर्त्यांनी मुद्दाम ऐकावीत, अशी शिफारस येथे केली आहे.

प्रारंभ 'सैराट'पासून करणे योग्य. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अजय-अतुल यांनी त्याची चारच गाणी केली. त्यांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झाले. करमाळ्याकडच्या खेड्यातील मुलामुलींच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यवृंद मिळावा, ही घटनाच अर्थपूर्ण आहे. तोवर असा भव्य स्वरसाज शहरी श्रीमंतांच्या प्रेमकथांसाठी राखीव होता. 'झिंगाट'वर सारा महाराष्ट्र नाचला. नाचणाऱ्यांतील किती जणांनी चित्रपटाच्या शेवटाचा विचार केला, हा प्रश्न आहे. जातीच्या प्रतिष्ठेपायी दोघांचे खून होतात तेव्हा पडद्यावर एकही सूर नाही. केवळ शांतता आहे. चार गाण्यांनी उभे केलेले स्वप्न त्या शांततेने मोडते. गाणी वेगळी काढून वरातीत वाजवणे सोपे आहे. ती त्या शांततेसह ऐकली, तरच कळतात.

दुसरी शिफारस शाहिरीची. संभाजी भगत यांची गाणी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटात आहेत. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि २०१५ साली तो सर्वत्र प्रदर्शित झाला. गाण्यामुळे आत्महत्येस चिथावणी मिळाली, असा आरोप ठेवून एका वृद्ध शाहिरावर खटला चालतो, ही त्याची कथा. ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत ते गेले. संभाजी भगत यांची चाल जुन्या पोवाड्याची असली तरी शब्द जागतिकीकरणानंतरचे आहेत. मॉल, बाजार आणि बुवाबाजी यांना ते त्यांच्या आजच्या नावाने हाक मारतात. शीतल साठे यांचा नवयान महाजलसा याच परंपरेतला. त्यांचा खुला, टिपेला जाणारा आवाज एकदा समोर बसून ऐकावा.

तिसरे नाव कडूबाई खरात यांचे. हाती एकतारी, गळ्यात भीमगीत, एवढ्या सामग्रीवर या बाईंनी लाखो श्रोते मिळवले. त्यांना घडवणारी ध्वनिमुद्रिका कंपनी नव्हती की आकाशवाणीची श्रेणी नव्हती. कोणीतरी मोबाइलवर चित्रित केलेले गाणे हातोहात पसरले. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने हेच काम केले होते. तोवर ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय मूठभर कंपन्यांच्या हाती होता. कॅसेटने ती मक्तेदारी खिळखिळी केली आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीवस्तीत पोचले. उत्पादनाचे साधन स्वस्त झाले की दबलेला वर्ग बोलू लागतो, हे अर्थशास्त्राचे सूत्र गाण्यालाही लागू पडते.

चौथा प्रकार रॅपचा. हे नाव ऐकताच अनेक ज्येष्ठ कपाळाला आठ्या घालतात. वास्तविक तालावर झपाट्याने शब्द फेकण्याची कला पोवाड्याच्या श्रोत्याला अपरिचित वाटू नये. न्यूयॉर्कच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत १९७०च्या दशकात ही रीत जन्मली आणि मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांतील मुलांनी ती आपलीशी केली. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटाने आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. जंगल आणि जमीन यांच्या प्रश्नावर एवढ्या थोड्या शब्दांत एवढे सांगणारे पत्रक चळवळीने अलीकडे काढलेले नाही. या गटातील धर्मेश परमार हा गुणी तरुण २०२२ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, ही मोठी हानी होय.

याच संदर्भात महाराष्ट्राबाहेरचे एक गाणे ऐकावे. मार्च २०२१ मध्ये आलेले 'एंजॉय एंजामी' तमिळमध्ये आहे. अरिवु याने ते लिहिले आणि धी हिच्यासोबत गायले. अरिवुची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली मजूर. भूमी सर्वांची, पण ती पिकवणारा मात्र भूमिहीन, ही वेदना त्या गाण्यात नाचऱ्या तालावर आली आहे आणि मध्येच मृत्यूच्या विलापाचा सूर लागतो. भाषा समजली नाही तरी अर्थ समजतो. समजून घ्यावयाचा तर भाषांतर मिळते.

पाचवा प्रकार निखळ करमणुकीचा. त्याला वगळणे ढोंगीपणाचे होईल. २०२४ साली संजू राठोड या जळगाव जिल्ह्यातील तरुणाची 'गुलाबी साडी' देशभर वाजली. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांची 'तांबडी चामडी' युरोपीय नृत्यसंगीताच्या ठेक्यावर बसवली गेली आणि एका डच कंपनीने ती प्रसिद्ध केली. या गाण्यांत क्रांती शोधू नये. परंतु ज्या मराठीला महाविद्यालयीन मुले मित्रांत बोलावयास संकोचत, त्या मराठीवर परप्रांतीय तरुण नाचतात, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. गोऱ्या कातडीचे वेड विकणाऱ्या जाहिरातींच्या देशात रापलेल्या कातडीला गाण्याच्या शीर्षकात मान मिळावा, यातही काही आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला नाचण्याचा हक्क आहे. त्याचे प्रमाणपत्र कार्यकर्त्याने देण्याची आवश्यकता नाही.

अभिजात संगीतासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मिरज येथून हाकेच्या अंतरावर आहे. 'मी वसंतराव' या २०२२ साली आलेल्या चित्रपटातील राहुल देशपांडे यांचे गायन जरूर ऐकावे; त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र ते ऐकताना तंबोऱ्याकडेही कान द्यावा. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, कर्नाटकातील लाकूड आणि पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचे पिढीजात कसब यांतून हे वाद्य सिद्ध होते. मैफिलीच्या पत्रिकेवर गायकाचे नाव असते, साथीदारांचे असते. वाद्य घडवणाऱ्याचे कधीही नसते. मानांकनाने नाव मिळाले. त्या नावाबरोबर कारागिराच्या घरी चार पैसे अधिक येतात की नाही, यावर चळवळीने लक्ष ठेवले पाहिजे.

अखेरची शिफारस जुन्या गाण्यांच्या नव्या प्रकाशनाची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ग्रामीण दफ्तराने २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रण आणि चित्रफितींसह लोकांपुढे आणल्या. पहाटे दळणाऱ्या बाईने सासर, दुष्काळ, जात, पंढरी आणि बाबासाहेब यांविषयी काय विचार केला, हे तेथे तिच्याच आवाजात ऐकता येते. तिचे नाव आणि गाव गाण्यासोबत नोंदलेले आहे, हे विशेष.

आता पैशाचा प्रश्न. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले आणि ऐकण्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली. ग्राहकाला स्वस्त मिळते तेव्हा त्याचा भार कोणावर पडतो, हे विचारणे समाजवाद्यांचे कर्तव्य आहे. जगात दररोज सुमारे एक लाख नवी गाणी चढवली जातात. स्पॉटिफाय या बड्या कंपनीने २०२४ पासून नियम केला की, बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनाचा हिस्सा मिळणार नाही. म्हणजे खेड्यातल्या नवख्या शाहिराचे गाणे कंपनीच्या गोदामाची शोभा वाढवील, पण त्याच्या पदरात पैसाही पडणार नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा ग्रामीण कलावंतांचा जमवलेला श्रोतृवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा निराळा वाद. पण ज्या जमिनीवर कलावंत घर बांधतो ती त्याची नाही, हे त्या रात्री उघड झाले. 'एंजॉय एंजामी' कोट्यवधी लोकांनी ऐकले. तरी त्यापासून एक पैसाही हाती आला नाही, असे त्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले. भूमिहीनांच्या गाण्याचा कर्ताही आपल्या पिकाला मुकावा, याहून बोलके उदाहरण कोणते?

कायदा मात्र अगदीच निरुपयोगी नाही. जावेद अख्तर प्रभृतींच्या प्रयत्नांनी २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा आता कराराने हिरावून घेता येत नाही. तो वारसांना वा नोंदणीकृत स्वामित्व संस्थेलाच देता येतो. पण ज्याने आपले गाणे नोंदवलेच नाही, त्याला हा कायदा काय देणार? ऊसतोड मजुराची नोंदणी, बांधकाम मजुराची नोंदणी यांसाठी कार्यकर्ते खेटे घालतात. तालुक्यातील गीतकार आणि गायकाच्या नोंदणीसाठी कोणी घातल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे क्षेत्र रिकामे राहणार नाही. कुणाल पुरोहित यांनी 'एच-पॉप' या २०२३ साली निघालेल्या पुस्तकात उत्तर भारतातील द्वेषगीतांचा व्यवसाय तपशिलाने दाखवला आहे. मिरवणुकीत लावावयाची, शेजाऱ्याविरुद्ध पेटवणारी गाणी नव्या ठेक्यांवर पद्धतशीर तयार होतात आणि त्यांना श्रोते मिळतात. त्यांचा प्रतिकार निषेधाच्या ठरावाने होत नाही. त्यासाठी अधिक चांगले गाणे लागते.

तेव्हा कार्यक्रम साधा आहे. प्रत्येक अभ्यासवर्गात अर्धा तास नवे गाणे ऐकावे आणि त्यावर पुस्तकाइतक्याच गांभीर्याने चर्चा करावी. गाणे निवडण्याचे काम पंचविशीच्या आतील मुलामुलींवर सोपवावे. ज्येष्ठांनी ऐकण्याचे काम करावे. रॅप करणारा मुलगा आणि ओवी गाणारी आजी यांना एका व्यासपीठावर आणावे. गाणाऱ्याला हार-श्रीफळाबरोबर पाकीटही द्यावे. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने कलावंताला फुकट राबवू नये. जुनी वही फेकून द्यावयाची नाही. तिच्यात कोरी पाने पुष्कळ आहेत. ती भरावयाची आहेत.