पाच सुताची नळी

पावसावर काहीतरी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा कविता असावी. कवी म्हटला की त्यानं जून महिन्यात भिजलंच पाहिजे, असा आपल्याकडे संकेत आहे. पण मी वाईच्या एका मोटार मिस्त्रीचा मुलगा. पाऊस म्हटलं की मला अॅम्बॅसडरची पुढची काच आठवते. तीही आतल्या बाजूनं.

१९९१ सालची गोष्ट. मी नुकताच बी. ए. झालो होतो आणि नोकरी लागेपर्यंत अब्बांच्या गॅरेजमध्ये दिवा धरायचं काम करत होतो. दिवा धरणं म्हणजे वायरला लावलेला बल्ब मिस्त्रीला हव्या त्या कोनात, न हलता, तासभर धरून उभं राहणं. घरी आम्ही दखनी बोलायचो, गॅरेजमध्ये मराठी. शिव्या दोन्हीकडे मराठीतच.

आमच्याकडे एका डॉक्टरांची अॅम्बॅसडर यायची. साठच्या दशकातली, मॉरिस ऑक्सफर्डच्या वळणाची, मूळ १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. डॉक्टर राहायचे वाईत, पण त्यांचे निम्मे पेशंट पाचगणीला आणि त्यापलीकडच्या वाड्यांवर. म्हणजे रोज पसरणीचा घाट. इंजिन दमलं होतं, तेल पीत होतं आणि पेट्रोलचा खर्च परवडत नव्हता. त्या काळी अशा गाडीत डिझेल इंजिन बसवून घ्यायची चालच पडली होती. अब्बांनी अपघातात मोडलेल्या एका टेंपोचं इंजिन मिळवलं, माउंटिंग नवी वेल्डिंग करून घेतली, आणि पंधरा दिवसांत गाडी धडधडत बाहेर पडली. इंजिन बदललं की त्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते, तीही डॉक्टरांनी केली. सगळं रीतसर झालं. फक्त एक गोष्ट राहिली.

त्या गाडीला हीटर होता. आधीच्या मालकानं पाचगणीच्या थंडीसाठी हौसेनं बसवून घेतलेला. जुन्या इंजिनाच्या हेडच्या मागच्या बाजूला हीटरसाठी गरम पाणी काढायची जागा होती. तिथून एक नळी डॅशबोर्डखालच्या डब्यात जायची. डब्यात एक छोटा रेडिएटर आणि त्याच्यामागे पंखा. परतीची नळी रेडिएटरच्या खालच्या होजला येऊन मिळायची. टेंपोला हीटर नव्हताच. त्याच्या इंजिनाची हीटरची जागा पुढे, थर्मोस्टॅटजवळ होती आणि तिला प्लग मारलेला होता. अब्बांनी जुन्या नळ्या कापल्या आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्याकडे हीटर लागतो कुणाला? उगाच गळायला एक जागा जास्त." डॉक्टर हसले. मीही हसलो. तेव्हा एप्रिल चालू होता आणि गॅरेजच्या पत्र्याखाली घाम गळत होता.

ऑगस्टमध्ये डॉक्टर एका बाळंतपणाहून रात्री परतत होते. गाडीत चौघं, काचा वर केलेल्या, बाहेर धुकं आणि पाऊस. पावसानं पुढची काच गार पडते, आतली हवा चार माणसांच्या श्वासानं आणि ओल्या कपड्यांनी दमट होते, आणि ती हवा काचेला टेकली की तिच्यातलं पाणी काचेवर बसतं. वायपर बाहेरून पुसतो, आतून कोण पुसणार? डॉक्टर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं फडक्यानं काच पुसत होते. एका वळणावर फडकं पुसून झालं आणि रस्ता दिसला तेव्हा तो वळून गेलेला होता. गाडी डोंगराच्या अंगाच्या गटारात उतरली. बंपर वाकला, एक दिवा फुटला. बाकी काही नाही.

डॉक्टरांनी तक्रार केली नाही. सकाळी गाडी आणून उभी केली आणि एवढंच म्हणाले, "मिस्त्री, पूर्वी पावसात मी हीटर चालू ठेवायचो. काच साफ राहायची. ते यंदा नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

अब्बा बराच वेळ त्या वाकलेल्या बंपरकडे बघत राहिले. घाटाला दोन बाजू असतात. हे ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवायला घरी आले नाहीत.

मला आज पुस्तकी भाषेत सांगता येतं, की २० अंशांची ओलीचिंब हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण तिची तहान वाढते. अशी हवा काचेवर सोडली की ती काचेवरचं पाणी पिऊन टाकते. म्हणजे आपल्याकडे हीटर डोळ्यांसाठी असतो. अब्बांना टक्केवारी माहीत नव्हती, पण डॉक्टरांच्या एका वाक्यात त्यांना सगळं कळलं.

मग सुरू झालं नळ्यांचं काम. पहिली अडचण मापाची. हीटरची तोंडं चार सुताची, नव्या इंजिनाची जागा पाच सुताची. (आठ सूत म्हणजे एक इंच. हे माप आता ज्याला त्याला समजावून सांगावं लागतं.) पाच सुताची होज चार सुताच्या तोंडावर क्लिपनं आवळून बसवता येते, आणि महिनाभरात ती सुरकुतीतून गळायला लागते. अब्बांनी एका तांबटाकडून पितळेचा तुकडा करून आणला, एका टोकाला पाच सूत, दुसऱ्याला चार. दोन्ही टोकांना किंचित फुगवटा काढून घेतला, म्हणजे क्लिप त्याच्यामागे बसते आणि दाब आला तरी होज निसटत नाही. होज सरळ रेषेत न नेता लांबून, मोठ्या वळणानं नेली. इंजिन धक्क्यांनी हलतं आणि पत्रा हलत नाही. दोघांना जोडणाऱ्या रबराला ढील नको का?

परतीच्या नळीत मात्र अब्बा चुकले. खालच्या होजपर्यंत हात जात नव्हता, म्हणून त्यांनी ती वरच, थर्मोस्टॅटच्या घरालाच एक भोक पाडून जोडली. पाणी भरलं, इंजिन तापलं, पंखा लावला. गार हवा. मी दिवा धरून उभा. अब्बांनी दोन्ही होज हातात धरल्या. एक कढत, दुसरी गार.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बसवून गॅरेजच्या फरशीवर खडूनं चित्र काढून दाखवलं. वॉटर पंप रेडिएटरच्या तळाचं पाणी ओढतो आणि इंजिनात ढकलतो. ढकलायच्या बाजूला दाब, ओढायच्या बाजूला ढील. हीटरची एक नळी दाबाकडे असेल आणि दुसरी ढिलाईकडे, तरच मधलं पाणी चालेल. दोन्ही एकाच अंगाला लावल्या तर पाण्यानं जायचं कशासाठी? "पानी को जाने की वजह होना," ते म्हणाले. मी बी. ए.ला दोन वर्षं छंदशास्त्र वाचलं होतं. इतकं स्वच्छ मला कुणी काही शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवला, वरचं भोक ब्रेझिंग करून बुजवलं, खालची होज कापून तिच्यात पितळेचा टी बसवला आणि परतीची नळी तिथं आणली. तरीही हवा कोमटच. आता हवा अडकली होती. हीटरच्या होजचं वळण रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच होतं आणि त्या कमानीत बुडबुडा बसला होता. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. अब्बांच्या कोपराखाली भाजल्याचा जुना डाग होता, त्यामुळे गरम रेडिएटरचं झाकण आमच्याकडे कुणीच उघडत नसे. मग गाडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत वर आलं. झाकण काढून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहिलो. शेवटचा बुडबुडा ढेकर दिल्यासारखा आला. दुसरी होज हातात कढत लागली, तेव्हा अब्बांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

त्या रात्री पावसात आम्ही तिघं घाट चढलो. डॉक्टर चालवत होते, अब्बा शेजारी, मी मागे. आधी काचेच्या तळाशी, जिथून हवा येते तिथं, दोन तळहातांएवढ्या जागा स्वच्छ झाल्या. मग त्या वर वाढत गेल्या आणि एकमेकींना मिळाल्या. कठड्याचे पांढरे दगड एकेक करून दिसत होते. कुणी बोललं नाही. पाचगणीला पोहोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, पाय भाजताहेत."

हीटरची झडप जुनी, अडकलेली होती. ती बंदच होईना. नवी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अब्बांनी जाणाऱ्या नळीत बॉनेटखाली एक साधा पितळी नळ बसवला. टेंपोच्या इंजिनाला पाणी फिरायची स्वतःची आतली वाट होती, म्हणून हे चाललं. काही इंजिनांत हीटरची नळी हीच ती वाट असते. तिथं असा नळ मारला तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी जागच्या जागी उकळू लागेल. तेव्हा घरी प्रयोग करू नयेत.

त्यासाठी अब्बांनी मजुरी घेतली नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पुढची बारा वर्षं एक ठरून गेलं. दिवाळीनंतर घाट कोरडा पडला की डॉक्टर गाडी गॅरेजच्या दारात आणायचे, मी किंवा अब्बा बॉनेट उघडून नळ बंद करायचो. मृग लागला की उघडायचो. डॉक्टरांना स्वतःला ते येत नव्हतं असं नाही.

अब्बा २००३च्या मे महिन्यात गेले. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या सकाळी अॅम्बॅसडर गॅरेजसमोर उभी होती. गॅरेज बंद होतं. डॉक्टर गाडीतच बसून होते, हॉर्न न वाजवता. तो नळ हातानं फिरतो, पाना लागत नाही. तरी मी आत जाऊन अब्बांचा पाना घेऊन आलो.