जुन्या मोटारसायकलचा करंट कुठे अडतो?

(येरमाळा येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठाकडून कोणी आले म्हणजे बियाणे, खत किंवा ट्रॅक्टर यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी मोटारसायकलवर बोलणार आहे. पहाटेचे दूध घालायचे असो, रात्रीची वीज आली म्हणून मोटार सुरू करायला रानात जायचे असो, की घरातल्या आजारी माणसाला कळंबला किंवा बार्शीला न्यायचे असो, गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू झाली पाहिजे. ती होत नाही तेव्हा आपण काय करतो? पंधरा-वीस किका मारून घामाघूम होतो, उतारावरून ढकलतो, आणि शेवटी मेकॅनिक म्हणेल तो भाग विकत घेतो. कधी सीडीआय, कधी कॉइल. पैसे जातात आणि आठ दिवसांनी दुखणे पुन्हा सुरू होते. म्हणून कोणताही भाग विकत घेण्याआधी करंट कुठपर्यंत येतो ते पाहावे. विहिरीवरची मोटार चालत नसेल तर आपण आधी फ्यूज पाहतो, फेज पाहतो. एकदम नवी मोटार आणत नाही. इथेही तोच हिशेब आहे.

मी बोलतो आहे ते जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांविषयी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत इंधन इंजेक्शन आले. त्यांची तपासणी वेगळी असते. त्यांना हे उपाय लावू नयेत.

सर्वांत आधी प्लग. पेट्रोलचा कॉक बंद करावा. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत उभी करावी आणि आसपास बिडी-काडी नसावी. प्लग काढून तो परत त्याच्या टोपीत बसवावा व त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवावा. मात्र प्लगच्या भोकापासून तो लांब असावा आणि भोकावर कापडाची घडी दाबून ठेवावी. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी जवळ असली तर भडका उडतो. प्लग बोटांनी धरू नये. रबरी मुठीच्या पकडीने टोपी धरावी आणि दुसऱ्याला किक मारायला सांगावे. टोपी नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नये. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआय खराब होऊ शकते.

ठिणगी निळसर, ठसठशीत व टकटक आवाजाची असेल तर करंट ठीक समजावा आणि पेट्रोल, कार्बोरेटर व चोक यांकडे वळावे. ठिणगी लालसर व अशक्त असेल, किंवा नसेलच, तर आधी नवा प्लग लावून पाहावा. बाहेर ठिणगी देणारा जुना प्लग आतल्या दाबाखाली कधी कधी दगा देतो, हेही लक्षात असू द्यावे. एक चांगला प्लग आणि प्लगपाना गाडीच्या डिकीत कायम असावा. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. आपल्या गाडीचे पुस्तक पाहून खात्री करावी.

प्लग नवा आणि तरीही करंट नाही, तर टोपी पाहावी. आपण विहिरीवर फवारणीच्या पंपाचा फवारा मारून गाडी धुतो. पाणी टोपीत शिरते आणि आत गंज धरतो. टोपी वायरीवर फिरवून काढावी, वायरीचे टोक अर्धा सेंटिमीटर कापावे, आतली तार ताजी दिसली की टोपी परत घट्ट फिरवावी. फुकटचे काम आहे, आणि कित्येक गाड्या एवढ्यावरच चालू होतात.

आता जे सांगतो ते मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. शंभर सीसीच्या पुष्कळ जुन्या गाड्यांत ठिणगीचा करंट मॅग्नेटोमधून येतो, बॅटरीतून नाही. या गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. म्हणजे ही वायर कुठेही कातडे सोलून चासीला टेकली, की चावी चालू असूनही गाडी बंदच राहते! जुन्या हिरो होंडात ही वायर काळ्या रंगाची, पांढऱ्या पट्ट्याची असते. हँडल वळते तिथे ती घासते, आणि कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावली असेल तर उंदीर ती कुरतडतात. माझ्या गाडीला मी सीडीआय बदलली, कॉइल बदलली, आणि शेवटी हेच निघाले. तपासायला ती एक वायर सीडीआयजवळून सोडवावी व पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी आली तर दोष चावीत किंवा वायरीत आहे. वायर सुटलेली असताना इंजिन चावीने बंद होणार नाही. गाडी टॉप गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून, क्लच हळू सोडून बंद करावी.

पुढे जोड. टाकीखालचे व बाजूच्या पत्र्यामागचे जोड काढून, हिरवट गंज घासून, पुन्हा घट्ट बसवावेत. कॉइल जिथे चासीला बोल्टने लागते तिथला रंग व गंज पॉलिश पेपरने काढावा. या सगळ्यानंतरही ठिणगी नसेल तर शेजाऱ्याच्या अगदी त्याच मॉडेलच्या चालू गाडीची सीडीआय लावून पाहावी. एसी आणि डीसी सीडीआय दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

राजदूत किंवा जुनी बुलेट यांत सीडीआय नसून पॉइंट असतात. पॉइंट तेलाने काळे पडतात. ते बारीक पेपरने घासून, स्वच्छ कापडाने पुसावेत आणि फट फीलर गेजने लावावी. बुलेटला ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागते. गाडी थंड असताना चालते आणि तापल्यावर बंद पडते, पॉइंटवर मोठा जाळ दिसतो, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

बॅटरीविषयी थोडेसे. शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांत हेडलाइट बऱ्याच वेळा थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणून तो पाहून बॅटरी ओळखता येत नाही. हॉर्न व इंडिकेटर पाहावेत. जुन्या बुलेटला मात्र ठिणगीच बॅटरीतून मिळते, तिथे बॅटरी गेली की गाडी गेली. सेल्फ दाबला की नुसता टकटक आवाज येतो, तर आधी टर्मिनल पाहावेत. पांढरी भुकटी कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवून व्हॅसलीन लावावे. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगात असताना १३.५ च्या वर गेले पाहिजे. तसे होत नसेल तर बॅटरीला दोष न देता चार्जिंग तपासावे. पाणी डिस्टिल्डच घालावे. आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त, ते बॅटरी मारतात. ट्रॅक्टरच्या मोठ्या चार्जरवर मोटारसायकलची बॅटरी लावणे म्हणजे तिला उकळणे. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे.

दुधाच्या कॅनसाठी गाडीला लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी व सीडीआयचा जोड काढायला लावावे. वेल्डिंगचा करंट चासीतूनच फिरतो.

मागे झाडाखाली गाड्या उभ्या आहेत, त्यांतली एक किक मारून चालू होत नाही असे मघाशी कोणी म्हणाले. तिचाच प्लग काढून पाहू. बिड्या विझवून या.