प्रार्थना आणि शेजारधर्म



आपल्या स्नेहसंमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. एरवी या व्यासपीठावर वृत्तांत, देणग्या आणि गुणवंतांचे सत्कार यांनाच वेळ पुरत नाही, आणि त्यात गैर असे काही नाही. आज विषय मात्र प्रार्थनेचा आहे.

प्रार्थना आपणां सर्वांच्या घरी होते. तिचे उत्तर कोणत्या रूपाने येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोकणातील गागोद्यात जन्मलेले आचार्य विनोबा भावे 1951 साली तेलंगणात पायी फिरत होते. त्या मुलखात जमिनीवरून रक्तपात चालला होता. 18 एप्रिल रोजी ते नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी आले. तेथील दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी जमीन मागितली. किती हवी, असे विनोबांनी विचारले. ऐंशी एकर, असे उत्तर आले. सरकारकडे अर्ज पाठविण्याचा विचार त्यांच्या मनात आला. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी जमलेल्या ग्रामस्थांनाच विचारले, आपल्यापैकी कोणी काही देऊ शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. हा ईश्वरी संकेत आहे असे विनोबांनी मानले, आणि पुढे तेरा वर्षे ते दारोदार जमीन मागत देशभर चालत राहिले. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक निघाली, पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. श्रद्धा असली म्हणजे सातबारा आपोआप स्वच्छ होतो, असे नाही!

कोणी विचारील, अंतरीचा आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, हे ओळखावे कसे? आम्ही अधिकारी पुरुष नव्हे. आमचा अनुभव एवढाच की, आपली इच्छा आपल्याला सोयीची असते; तो दुसरा आवाज बहुधा गैरसोयीच्या वेळी येतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या पलीकडच्या बिऱ्हाडी एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. एके सायंकाळी आरती चालू असता मनात सारखे येऊ लागले की, त्यांच्याकडील कुकरची शिट्टी दोन दिवसांत ऐकू आलेली नाही. आरती अर्ध्यावर कशी सोडावी, म्हणून आम्ही ती पुरी केली. मग प्रसाद झाला, मग पाहुणे आले, आणि जाणे राहून गेले. सकाळी दार ठोठावले, तेव्हा ते तापाने फणफणलेले होते. दोन दिवस चहा आणि पाव यांवर काढलेले. आम्ही खजील होऊन म्हणालो, "काका, हाक तरी मारायची!" त्यांनी रागावून उत्तर दिले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "तुमची आरती रोज ऐकतो हो. फार गोड म्हणता."

डॉक्टर आले, पेज गेली, चार दिवसांत ताप उतरला. त्यानंतर ते गृहस्थ आणखी सहा वर्षे होते. त्या काळात निरांजन लावण्यापूर्वी आमच्या घरातील कोणीतरी एकजण त्यांच्या दाराशी जाऊन येई. धाकट्यांची त्यावरून भांडणेही होत, कारण काका खडीसाखर देत. आरतीला मात्र रोज उशीर होई.