सुवाच्य आणि वाचनीय

इंग्रजीत ‘लेजिबल’ म्हणजे सुवाच्य, ज्याचे अक्षर चटकन लागते ते. ‘रीडेबल’ म्हणजे बहुधा वाचनीय, जे वाचावेसे वाटते ते. आपल्या जामच्या चौरस्त्यावर हैदराबादची वाट एकीकडे फुटते, चंद्रपूरची दुसरीकडे. तिथली पाटी वाचनीय नसली तरी चालेल. सुवाच्य मात्र हवीच, नाहीतर वाटसरू भलत्याच गावी जायचा! म्हणून मुलांना पहिले वाक्य हेच द्या : ‘द बोर्ड इज लेजिबल.’ मग वही उघडून विचारा, ‘इज युवर हँडरायटिंग लेजिबल?’ 1936 पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी आत्मकथेत खराब अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले आहे. अर्ज कितीही कळकळीने लिहिलेला असो. त्यातला गट नंबर लागला नाही, तर तो परतच यायचा.