सांगितलेलं पोटात ठेवू या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



दर महिन्याला मी तुमच्यापुढे बचत, परतफेड आणि दप्तर यावरच बोलते. आज माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

नोकरीला लागून मला तेव्हा सहाच महिने झाले होते. एका गटातली ताई बैठक संपल्यावर मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. चालता चालता म्हणाली, "मॅडम, अंतर्गत कर्जाची नड आहे. लेक सासरहून परत आलीय. मारायचे तिला. शिवणाचा क्लास लावून द्यायचाय." मला फार वाईट वाटलं. पुढच्या बैठकीत आधी कर्ज कुणाला द्यायचं यावर बोलणं सुरू झालं, तशी मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "यांना आधी द्या, यांची मुलगी नांदायचं सोडून आलीय."

कर्ज मंजूर झालं. पण दिवेलागणीपर्यंत गोष्ट गावभर झाली. गिरणीवर बायका त्या मुलीलाच खोदून खोदून विचारायला लागल्या. ती ताई पुढच्या तीन बैठकांना आली नाही. बचत मुलाच्या हाती पाठवायची.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही आमच्या भल्यासाठीच बोललात, ते कळतं मला. पण माझ्या लेकीचं कुणाला सांगायचं, किती सांगायचं, ते आम्ही ठरवलं असतं."

आज हे सांगण्याआधी मी त्या दोघींना विचारलं. सांगा म्हणाल्या, पण गावाचं नाव घेऊ नका. मी गाव सांगत नाही, आणि काही तपशीलही बदललेत. कोण असेल ती, असा अंदाज कृपा करून बांधू नका.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात 'गोपनीयता' हा धडा मला होता. परीक्षेत त्यावर चांगलं उत्तरही लिहिलं होतं. तरीही माझ्याकडून हे झालं. म्हणून तुम्हालाही सावध करते.

तुम्ही म्हणाल, गटात तर सगळं उघड असतं. खरंय. बचत किती, कर्ज किती, हप्ता थकला का, हे प्रत्येक सभासदाला कळलंच पाहिजे. पैसा सगळ्यांचा आहे. कर्ज कशासाठी हवं, हे विचारायचा हक्कही गटाला आहे. पण इतिवृत्तात 'औषधोपचार' एवढं लिहिलं की पुरतं. आजार कोणता, ते लिहायची गरज नाही. आणि थकलेला हप्ता बैठकीत विचारायचा, नळावर नाही.

मोबाईलचंही तेच. आधार कार्ड, पासबुक यांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. ज्या ताईला कामासाठी लागतात तिलाच पाठवा, काम झालं की पुसून टाका. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. आम्ही मागितला तरी नाही!

काही गोष्टींना कायद्याचंच संरक्षण आहे. कुणाला एचआयव्ही आहे हे तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. बलात्कार झालेल्या बाईची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तसा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.

पण गुपित ठेवायलाही मर्यादा आहे, हे नीट ऐका. लहान लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर गप्प बसता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. अशा वेळी १०९८ वर फोन करून मदत घेता येते. कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी स्वतःचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर तिला एकटं सोडू नका, ११२ लावा. मात्र तेव्हाही ज्याला सांगणं गरजेचं आहे त्यालाच सांगायचं, गल्लीला नाही.

घरातल्या मारहाणीची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं. २००५ च्या कायद्यात तशी सोय आहे. पण आधी त्या बाईला विचारा, कारण रात्री त्याच घरात तिला राहायचं असतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला द्या. लिहून दिलेला कागद घरच्यांच्या हाती लागेल असं वाटलं, तर पाठ करून घ्या.

म्हणून कुणी मन मोकळं करायला आली, तर "कुण्णाला सांगणार नाही" अशी शपथ आधीच घेऊ नका. असं म्हणा, "तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण जिवाचा किंवा लेकराचा प्रश्न असेल, तर मदत घ्यावी लागेल. तेव्हाही तुला सांगूनच घेईन." मग तिचं तिलाच ठरवू द्या, किती बोलायचं ते.

येत्या बैठकीत पाच मिनिटं काढा. 'सभासदाची खासगी गोष्ट तिच्या परवानगीशिवाय बाहेर नेणार नाही,' असा ठराव इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. पहिली सही अध्यक्ष-सचिवांची हवी, कारण आपल्याकडेच जास्त गोष्टी येतात. माझीही घ्या.

ती ताई चौथ्या बैठकीला आली. आता नियमित येते, हिशेबाचं बोलते. घरातलं मात्र मला अजून काही सांगत नाही. मीही विचारत नाही. वाट बघतेय.