काळवीट आणि कोवळं पीक

धारवाडच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरचं काळवीट अभयारण्य आहे, १९७४ सालचं. आसपासच्या शेतात कोवळे कोंब फुटले, की कळप उतरतो. सकाळी सरीत दिसतात खुरांचे ठसे आणि खुडलेली रोपं. मग शिकारीला परवानगी द्यावी का?

१९७२च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी एवढ्या कारणावर त्याला मारता येत नाही. रानडुकराची गोष्ट वेगळी. पीक वाचवण्यासाठी महाराष्ट्रात त्याच्या शिकारीचे परवाने दिले गेले आहेत. काळविटाचं हे संरक्षण मला योग्यच वाटतं. पण त्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं का मोजावी? पंचनामा लगेच व्हावा, आणि भरपाई पुढच्या पेरणीआधी त्याच्या हातात पडावी.