जलव्यायाम आणि औषधदान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नेसरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान ही चार दाने श्रावकाला परिचित आहेत. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र समाजाचा भर आहारावर आणि अभयावर राहिला. पांजरपोळात जनावराला चारा मिळतो, कत्तलीपासून संरक्षण मिळते; त्याच्या दुखऱ्या सांध्यांचा विचार क्वचितच होतो.

जुलै २०२५ मध्ये हा विषय कोल्हापूर जिल्ह्यातील जैन घराघरांत पोहोचला. नांदणी मठाची हत्तीण महादेवी ऊर्फ माधुरी न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात नेण्यात आली. समाज व्यथित झाला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. त्याच महिन्यात वनताराने नांदणी परिसरात पुनर्वसन केंद्राचा प्रस्ताव मांडला. त्यात सांध्यांच्या उपचारासाठी जलाशयाचा समावेश होता. वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी एक बोध उरतो : संधिवाताने पीडित जिवाला पाणी औषधासारखे उपयोगी पडते.

पाणी शरीराला वर उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात माणसाच्या पायांवर सुमारे निम्माच भार राहतो. कुत्र्यांविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घोट्यापर्यंत पाणी असता भार ९ टक्के, तर खुब्यापर्यंत असता ६२ टक्के घटल्याचे आढळले. म्हणजे पाण्याची उंची हीच औषधाची मात्रा होय.

याच तत्त्वावर पाण्यातील ट्रेडमिल चालते. पारदर्शक भिंतींच्या टाकीत तळाशी सरकता पट्टा असतो. कुत्रा आत उभा राहिल्यावर कोमट पाणी हळूहळू भरले जाते. पाऊल कसे पडते हे उपचारकाला बाहेरून दिसते. भार घटल्याने वेदना कमी होते आणि पाण्याच्या विरोधाने स्नायू बळकट होतात. गुडघेदुखीने जिना टाळणाऱ्या वृद्धांनाही असाच व्यायाम दिला जातो. उघडी जखम किंवा हृदयविकार असल्यास मात्र वैद्यकीय सल्ल्याविना पाण्यात उतरू नये.

जलकायिक जीवांचे भान ठेवणारा श्रावक येथे थबकेल, आणि ते योग्यच आहे. या उपचारातील हिंसा सर्वस्वी टळत नाही. परंतु आवश्यक तेवढेच पाणी घेऊन, तेच गाळून पुन्हा वापरल्यास ती कमी करता येते. गृहस्थधर्मातील विवेक तो हाच.

असे यंत्र नेसरीसारख्या गावाला परवडेलच असे नाही. तथापि शांत, उथळ पाण्यात, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लंगडणाऱ्या जनावराला सावकाश चालवणे अशक्य नाही. जीवदया निधीतील एक वाटा विश्वस्तांनी अशा उपचारांसाठी राखून ठेवावा. मरणापासून वाचवलेल्या जिवाला वेदनेतूनही सोडवले, तरच अभयदानाला औषधदानाची जोड मिळेल आणि सुवर्णमहोत्सव सार्थ ठरेल.

जय जिनेंद्र!